खुंटीवरचा गोड वास

ढब्बूला त्याच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. आठ महिन्यांचा तो ऐवज गालांपासून पोटऱ्यांपर्यंत इतका गोल होता, की दुसरं कुठलं नाव त्याला शोभलंच नसतं. त्या शुक्रवारी सकाळी ढब्बूच्या आईला एकच घोर लागला होता. हा आजही पाळणाघरात राहिला नाही तर?

पाळणाघराच्या मावशींचा नियम साधा होता. पाच दिवस बघायचं. मूल रुळलं तर ठेवायचं, नाहीतर दोन महिन्यांनी परत यायचं. "रडवून रडवून मी कुणाचं मूल सांभाळत नाही," असं त्या म्हणत, आणि ते खरंही होतं. पण चष्म्याच्या दुकानात ढब्बूच्या आईची डोळे तपासायची खुर्ची दोन महिने थोडीच रिकामी राहणार होती? बाळंतपणाच्या रजेत तिच्या जागी आलेली मुलगी "नाहीतर मीच राहते की कायमची" असं हसत हसत दोनदा म्हणून झाली होती. हसत हसत म्हटलेलं जास्त लागतं.

चार दिवस एकच गोष्ट घडली होती. साडेनऊला ढब्बूला सोडायचं, साडेदहाला मावशींचा फोन. "ये बाई, घेऊन जा. रडून रडून टोमॅटो झालाय तुझा."

आज पाचवा दिवस. म्हणून ती सकाळी उठल्या उठल्या मावशींसाठी सूचना लिहायला बसली. दूध किती कोमट, बाटली कुठल्या हातात धरायची, पाठ कशी थोपटायची. सत्तावीस कलमं झाली.

"अगं, तो पाळणाघरात चाललाय, चंद्रावर नाही," ढब्बूचे बाबा म्हणाले.

"तू गप्प बस आणि पिशवी भर. दोन बाटल्या, चार लंगोट आणि माझा कपडा. कपडा विसरू नकोस."

कपड्याची पद्धत मावशींची. प्रत्येक बाळाच्या पाळण्याच्या कठड्याला त्याच्या आईनं अंगावर वापरलेला, न धुतलेला कपडा घट्ट बांधलेला असे. आई दिसली नाही तरी तिचा वास जवळ राहतो, असं मावशींचं म्हणणं. हिनं ते एवढं मनावर घेतलं होतं की आठवडाभर रात्री तोच एक करडा टी-शर्ट घालून झोपत होती. झोपत कसली, डोळे टक्क उघडे ठेवून पडत होती.

ढब्बूला सोडून ती दुकानात आली. साडेदहा वाजले. फोन नाही. अकरा वाजले. फोन नाही. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं, हिची पाचावर धारण बसली. रडून रडून बेशुद्ध तर नाही ना पडला? समोरच्या गिऱ्हाइकाला तिनं "ही काच बरी की आधीची?" असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच तिसरी काच घातली. गिऱ्हाईक गोंधळून म्हणालं, "बाई, तुम्हीच ठरवा आता."

शेवटी तिनं नवऱ्याला फोन लावला.

"तू कपडा दिला होतास ना रे?"

"दिला ना. खुंटीवरचा तुझा पिवळा स्कार्फ."

"स्कार्फ? आणि टी-शर्ट?"

"तो मशीनला लावला. शी! काय आंबट वास येत होता त्याला!"

आंबट वास! अरे, तोच तर द्यायचा होता! आणि पिवळा स्कार्फ म्हणजे तर कहर झाला.

त्या स्कार्फची गोष्ट अशी. दीड महिन्यापूर्वी धाकटी नणंद आली आणि तिनं एक छोटी, बुटकी बाटली हातात ठेवली. "वहिनी, सहा महिने तुझ्या अंगाला दूध, पावडर आणि ओकारी एवढाच वास येतोय. जरा माणसात ये."

झाकण काढलं आणि ही जागच्या जागी थांबली. आधी आली साखर, कढईत वितळून तांबूस झालेली, करपायच्या अगदी एक क्षण आधी उतरवलेली. तिच्यामागून भाजलेले बदाम. थोड्या वेळानं व्हॅनिला, आणि सगळ्यात तळाशी कोमट दूध आणि चिमूटभर मीठ. ते मीठ तिला फार आवडलं. नुसत्या गोडानं डोकं धरतं, ह्या मिठानं तो गोडवा जिभेवर येतोय असं वाटायचं.

पण लावायचं कसं? तान्ह्या बाळाचं नाक नाजूक, त्याची कातडी नाजूक. तिनं त्यावर चार रात्री वाचन केलं होतं. मग तिनं तोडगा काढला: अंगाला नाही लावायचं. न्हाणीघराच्या दाराशी खुंटी होती, तिच्यावर पिवळा स्कार्फ अडकवला आणि त्याच्या एका टोकावर आठवड्यातून एक फवारा मारायचा. येता-जाता हुंगायचा. उपाशी माणसानं हलवायाच्या काचेला नाक लावावं तसं.

आणि नेमका तोच स्कार्फ आज ढब्बूच्या नाकाशी!

जेवणाच्या सुट्टीची वाट न बघता तिनं पर्स उचलली आणि पाळणाघर गाठलं. धापा टाकत ती दारात पोचली, तर मावशींनी ओठांवर बोट ठेवलं.

ढब्बू झोपला होता. कठड्याकडे तोंड करून, स्कार्फच्या गाठीला नाक लावून, एक पाय कठड्यावर टाकून एखाद्या जमीनदारासारखा. सगळ्या खोलीत मंद, गोड दरवळ होता.

"सव्वादहाला झोपला," मावशी कुजबुजल्या. "त्याआधी बाटली संपवली. रडला फक्त दहा मिनिटं, तेही आपलं कर्तव्य म्हणून. आणि पलीकडची ती जुळी आहेत ना, ती सकाळपासून खाऊ मागतायत. काय बांधलंयस बाई त्या कपड्यात? केक?"

"मावशी, चुकून आलाय तो. त्यावर सेंट आहे. मी काढून घेते."

"हात लावून बघ त्या कपड्याला!" मावशींनी दटावलं. मग तिला बाजूच्या बाकावर बसवलं. "मला सांग, हा वास घरात कधी येतो?"

"रोजच. खुंटीवर असतो. ह्याची अंघोळ झाली की ह्याला कडेवर घेऊन मी तिथे थांबते. वास घेते."

"आणि?"

"आणि काय? मोठा श्वास घेते. बरं वाटतं. मग आम्ही दोघं तिथेच थोडं डोलतो, मी काहीबाही गुणगुणते." ती ओशाळली. "म्हणजे मिनिटभरच हं."

मावशी हसल्या. पन्नासएक पोरं वाढवलेल्या बाईचं ते हसू होतं. "चार दिवस तू मला रात्रभर काळजीत घामेजलेला टी-शर्ट देत होतीस. तो नाकाशी आला की बिचारं पोर म्हणत असेल, आईला कसली एवढी भीती वाटतेय, म्हणजे नक्की काहीतरी घोटाळा आहे! आज पहिल्यांदा त्याला तुझा खुशीचा वास मिळाला."

सत्तावीस कलमांत हे कुठेच नव्हतं.

दुसऱ्याच क्षणी तिच्या डोक्यात चक्रं सुरू झाली. "मग मी असं करते, मावशी. गादीच्या खोळीला लावते, बाटलीच्या पिशवीला, दुपट्याच्या चारही कोपऱ्यांना..."

"अगं ए! औषध करू नकोस त्याचं. त्याला वासाशी काय देणंघेणं? तुला बरं वाटतं, म्हणून त्याला बरं वाटतं. स्कार्फच्या टोकाला आहे तेवढं बास झालं. तू स्वतः कधी लावलंयस का हे?"

"नाही."

"धन्य आहे! जा आता कामावर. सोमवारी साडेनऊला आण त्याला. आणि तुझी ती पोथी घेऊन जा, तिसऱ्या पानावर माझा चष्मा थकला."

गल्लीत आल्यावर ती थांबली. सेंटची बाटली पर्समध्येच होती. ढब्बूच्या हाती लागेल म्हणून ती घरात ठेवतच नसे, पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात घालून सगळीकडे घेऊन फिरे. तिनं बाटली काढली, इकडेतिकडे बघितलं, चोरी करतोय अशा थाटात मानेवर एक फवारा मारला आणि मनगटावर एक. अंगाच्या उबेवर साखर वेगळीच उमलली. कपड्यावर ती नुसती गोड होती, इथे ती तांबूस, उबदार, थोडी खोडकर झाली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत बदाम आले. दुकानाची पायरी चढताना व्हॅनिला. तिनं दोनदा मनगट नाकाशी नेलं, आणि तिसऱ्यांदा नेताना लक्षात आलं की आपण रस्त्यातच गुणगुणतोय.

खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका येऊन बसल्या होत्या. चेहरा असा, की फळ्यावरचा खडूही सरळ उभा राहील. तपासणीची जड चौकट त्यांच्या नाकावर बसवताना ही अगदी जवळ गेली आणि बाईंनी एकदम विचारलं, "हे काय लावलंय?"

ती झटकन मागे सरकली. "सॉरी बाई. त्रास होतोय का? पुसून येते मी."

"पुसतेस कशाला? तपासायला एवढी लांब का बसतेस, जरा पुढे सरक."

ती पुढे सरकली. पहिली काच घातली, दुसरी घातली. "सांगा बाई, आता खालची ओळ वाचता येते? ही काच बरी की आधीची?"

बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"बाई, डोळे उघडायला लागतील हं."

"थांब गं. बदाम आहेत ना ह्यात? आणि अजून काहीतरी आहे, कळतंय पण नाव सापडत नाही."

"मीठ," ती म्हणाली आणि खुदकन हसली. "थोडं मीठ आहे, बाई."

"मीठ!" बाई खूश होऊन म्हणाल्या. "तरीच! काचेचं राहू दे. आधी बाटलीचं नाव लिहून दे. आणि मोठ्या अक्षरात लिही, मला अजून दिसत नाहीये."