पाठमोरा एरिबेर्तो

बेलार्मिनोच्या टोपीवर निवांत बसलेला समुद्रपक्षी एल्सिराने एप्रनने हाकलला.

"उठा हो फोटोवाले. काम आहे."

"हळू, बाई! आत्ताच कुठे हा जिना मला विसरायला लागला होता."

वाल्पराइसोच्या बंदरावरून टेकडीवर चढणाऱ्या त्या जिन्याच्या पायथ्याशी बेलार्मिनो चाळीस वर्षं फळांच्या खोक्यावर बसत आला होता, तोही समुद्राकडे पाठ करून. 'हसा' म्हणायचं नाही, 'इकडे बघा' म्हणायचं नाही. लोक आपल्याला विसरेपर्यंत बसायचं आणि दिवसाला एकच फोटो काढायचा. एकदा तो इतका स्थिर बसला की रंगाऱ्यांनी कठड्याबरोबर त्यालाही निळा रंग फासला. खोटं वाटत असेल तर त्याचा डावा बूट बघा.

"एरिबेर्तोचा फोटो हवाय. रविवारी दफनभूमीत त्याच्या कोनाड्याला फरशी बसवतायत."

एरिबेर्तो, तिचा नवरा, मार्चमध्ये होडीसकट बुडाला. ना देह सापडला, ना खिशातलं ओळखपत्र. तिथल्या दफनभूमीत भिंतीतल्या कोनाड्यांत मृतांना ठेवतात, आणि प्रत्येक कोनाड्याच्या फरशीवर त्या त्या माणसाचा फोटो असतो. एरिबेर्तोच्या कोनाड्यात तर आत ठेवायलाही काही नव्हतं. एल्सिराने फुलं ठेवायची ती कोणापुढे?

"लग्नातला असेल की."

"ऐन वेळी शिंकला मेला! फोटोत नुसता रुमाल आहे."

"मी चेहरे काढत नाही, बाई. कॅमेरा दिसला की माणूस निघून जातो, चेहरा तेवढा मागे ठेवतो."

एल्सिरा तिथून हलेना. बेलार्मिनोने खोकं उचललं आणि ऐन उजेडाच्या वेळी घर गाठलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

तीन दिवस जिना रिकामा होता; बेलार्मिनो घरी चाळीस वर्षांचे फोटो उपसत बसला होता. शनिवारी त्याने एक फोटो तिच्या हातात दिला. अख्खी टेकडी, पत्र्याची घरं, उतरतं धुकं. मधल्या पायऱ्यांवर नखाएवढा एक पाठमोरा माणूस. वर एल्सिराच्या घराचं हिरवं दार, अर्धं उघडं.

एल्सिराने चष्मा पुसला.

"खांदा बघा, डावीकडे पडलेला. काखेत पाव. आणि टोक मोडलेलं! रोज वाटेत खायचा आणि उंदरांवर ढकलायचा."

"चेहरा नाही त्यात," बेलार्मिनो बुटाकडे बघत म्हणाला.

"चेहरा आहे माझ्याकडे."

त्या दफनभूमीत बाकीचे सगळे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत असतात. एकटा एरिबेर्तो घराकडे निघालेला. एल्सिरा रविवारी फुलांबरोबर पाव आणते आणि ठेवण्याआधी त्याचं टोक मोडते.