चष्म्याचं पॅकेज

डिसेंबर लागला की नरेंद्र आणि मंजूषाचं एक भांडण ठरलेलं असायचं. पुढच्या वर्षीच्या आरोग्य विम्यात काय ठेवायचं, काय काढायचं, हे एकतीस तारखेच्या आत कळवावं लागे. मूळ विमा सगळ्यांनाच सक्तीचा. त्यावर चष्म्याचं जादा पॅकेज घ्यायचं की नाही, एवढाच वादाचा विषय.

"चष्मे आपण पुण्याला करतो. मग इथे दर महिन्याला पैसे कशाला भरायचे?" नरेंद्र म्हणायचा.

"एकदा इथे करीन म्हणते."

"इथल्या एकाच्या किमतीत तिकडे चार होतात."

"चार घालू कुठे?"

मग मंजूषा पॅकेजवर खूण करून मोकळी व्हायची. उन्हाळ्यात सुट्टीवर गेलं की दोघं सदाशिव पेठेतल्या त्याच दुकानात जायची आणि चष्मे करून हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला परत यायची. अशी सहा वर्षं गेली.

या वर्षी भांडायला ती नव्हती. एप्रिलमध्ये तिला खोकला झाला, मग ताप, मग अ‍ॅम्ब्युलन्स आली. जाताना तिने चष्मा घातला होता. अकरा दिवसांनी हॉस्पिटलने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिला, फोन आणि अंगठीबरोबर.

ऑगस्टमध्ये नरेंद्र सोफ्यावर बसला तो नेमका स्वतःच्या चष्म्यावर. दांडी गेली, एक काच तडकली. कोरोनामुळे या वर्षी पुण्याला जाणं नव्हतंच. दोघांचा नंबर जवळपास सारखा होता, म्हणून तात्पुरता त्याने मंजूषाचा चष्मा घातला. तात्पुरता म्हणता म्हणता डिसेंबर आला. दुपारी चारपर्यंत त्याचं डोकं फुटायला यायचं. स्क्रीनवरची अक्षरं एका बाजूला कलल्यासारखी दिसायची. मागच्या आठवड्यात त्याने तीनचा आकडा आठ वाचला आणि टेस्टिंगचा प्रोग्रॅम भलत्याच सिस्टिमवर चालवला. साहेब काही बोलला नाही. "थोडी सुट्टी घे," एवढंच म्हणाला. नरेंद्रला त्याचीच जास्त भीती वाटली. डोळे गेले तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर सोळा वर्षांच्या शलाकाला घेऊन तो कुठे जाणार होता?

आता बहुतेक महागाच्या काचा लागणार, आणि नंबर असाच वाढत राहिला तर दर वर्षी लागणार. म्हणजे पॅकेज ठेवायला हवं. त्याने दिलीपला फोन लावला. दिलीप त्याचा पुण्यापासूनचा मित्र, अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात राहायचा आणि कसलाही प्रश्न आला की एक्सेल उघडायचा.

"नऱ्या, हे घेणारा मूर्ख आहे," दिलीप म्हणाला. "तीन वर्षांतून एकदाच चष्मा मिळतो. तीन वर्षांचे हप्ते धर. त्यात दोन चष्मे येतात, वर एक गॉगल."

"मंजू दर वर्षी ठेवायची."

मग दिलीप म्हणाला, "वहिनींचं वेगळं होतं रे. आणि तू आत्ता हा प्रश्न मला विचारतोयस, आधी डोळे तर तपासून घे. या वर्षीचं पॅकेज अजून चालू आहे ना? मग एकतीसच्या आत जा."

शलाका जेवणाच्या टेबलावर शाळेचा लॅपटॉप उघडून बसली होती. बोलणं तिने ऐकलं होतं. "तपासायला पैसे पडत नाहीत," ती नेहमीसारखी इंग्रजीत म्हणाली. मग हळू आवाजात मराठीत म्हणाली, "बाबा, तो आईचा आहे. तू घातलास की मला कसंतरी होतं."

त्याने लगेच अपॉइंटमेंट घेतली.

लॉकडाउनमध्ये बाकीचा मॉल बंद होता, चष्म्याचं दुकान उघडं होतं. तिथली बाई पन्नाशीची असेल. नरेंद्रचं डच बेताचं, म्हणून ती सावकाश बोलत होती. मास्कमुळे त्याच्या चष्म्यावर सारखी वाफ धरत होती. तिने त्याचे डोळे तपासले, मग त्याने सोबत आणलेला तुटका चष्मा यंत्राखाली धरला, मग नाकावरचा मागून घेतला. पुन्हा एकदा दोन्ही पाहिले.

"तुमचे डोळे आहेत तसेच आहेत," ती म्हणाली. "हा तुटलेला आजही तुम्हाला बरोबर आहे. पण हा दुसरा तुमचा नाही. नंबर जवळचा आहे, पण यातला तिरका नंबर वेगळा आहे. डोकं दुखत असेल."

"हो."

"कुणाचा आहे?"

आठ महिन्यांत हे त्याला कुणा अनोळखी माणसाला सांगावं लागलं नव्हतं. ऑफिसला ईमेल गेलं होतं, नगरपालिकेला फॉर्म. "माझ्या बायकोचा," तो म्हणाला. "ती एप्रिलमध्ये वारली."

बाईने फ्रेम पुन्हा उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "फ्रेम चांगली आहे. यातच तुमच्या काचा बसवून देता येतील. विम्याच्या पैशांत होईल."

"आणि या काचा?"

"पाकिटात घालून देईन."

त्याने चष्मा हातात घेतला. डाव्या काचेच्या कडेला बारीक ओरखडा होता. भांडी घासता घासता मंजूषा चष्माही नळाखाली धरायची आणि ओल्या हाताने पुसायची. पाच महिने तो त्या ओरखड्यातून बघत होता.

"नको," तो म्हणाला. "हा असाच राहू दे. मला दुसरी फ्रेम दाखवा, साधी. विम्यात बसेल ती."

बाईने त्याला आरशासमोर नेलं. तो आरसा त्याला ओळखीचा वाटला. दोन वर्षांपूर्वी मंजूषा इथेच उभी होती, जांभळट फ्रेम लावून मान इकडून तिकडे करत होती. तो बाहेर दारात, हातात भाजीची पिशवी. "चल, पुण्याला बघू," तो म्हणाला होता, आणि तिने फ्रेम काढून जागेवर ठेवली होती.

"तिच्या वाटचा चष्मा राहिलाच," तो मराठीत म्हणाला. बाईला समजलं नाही. त्याने काळी फ्रेम घेतली.

चष्मा एकोणतीस तारखेला मिळाला. त्या संध्याकाळी तो विम्याचं पान उघडून बसला. अक्षरं सरळ उभी होती. वरच्या रकान्यात विमाधारकांची नावं होती. त्याचं होतं, शलाकाचं होतं. पूर्वी मधे एक ओळ असायची. गेल्या पंधरवड्यात हे पान त्याने चारदा उघडलं होतं, पण डोळे दुखतात म्हणून दर वेळी वरचा भाग सोडून दिला होता.

"ठेवतोयस?" शलाकाने विचारलं.

"तीन वर्षं काही मिळणार नाही आता. तुझे डोळे ठीक आहेत."

"आई भांडली असती."

"भांडली असती."

त्याने माउसवर हात ठेवला. स्वयंपाकघरात कुकर होता, शिट्टी व्हायची होती. मग त्याने पॅकेजसमोरची खूण काढली, मंजूषाचा चष्मा सदाशिव पेठेतल्या दुकानाच्या डबीत ठेवला आणि डबी शलाकाकडे दिली.

"तुझ्या कपाटात ठेव," तो म्हणाला. "माझ्याकडे राहिला तर मी परत घालीन."