जावेचा मुरघास

मुर्री गावातल्या देवकाबाईला धाकट्या जावेचं काय काय सलायचं ते सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. पण त्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त सलला तो जावेच्या परसातला खड्डा.

सरकारचा ग्रामसेवक तेव्हा नवा नवा गावात येऊ लागला होता. धान कापल्यावरची हिरवट तनस बारीक तोडा, गुळाचं पाणी नि मीठ शिंपडा, खड्ड्यात तुडवून भरा, वरून मातीने लिंपा; उन्हाळ्यात गाईंना घालायला मुरघास होतो, असं त्याने सांगितलं. धाकट्या जावेने, अनुसयाने, गुळाऐवजी घरच्या मोहफुलांचं पाणी घातलं. गाव हसलं. देवकाबाई सगळ्यांत मोठ्याने हसली. मग वैशाखात गावभर गाई आटल्या, अनुसयाची मात्र दूध देत राहिली. दुधाच्या चहासाठी सासू जमुनाबाई गाठोडं उचलून थोरलीकडून धाकटीकडे राहायला गेली.

हे देवकाबाईच्या जिव्हारी लागलं. थोरली सून ती! विहिरीवर बायका मुद्दाम विचारायच्या, "काऊन वं देवका, बुढी तिकडंच राहून राहिली का?" की हिच्या अंगाचा तिळपापड. सासूला परत आपल्या दारी आणायचंच, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं.

पुढच्या हंगामात तिने नवऱ्याच्या, दुधरामच्या, मागे लागून खड्डा खणून घेतला. जावेला विचारायचं म्हणजे नाक खाली करायचं. ते शक्यच नव्हतं. कुंपणावरून बघून बघून तिने सगळं तस्संच केलं. मोहफुलं तर मूठभर जास्तच.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसेल ती देवकाबाई कसली! आपला मुरघास जावेपेक्षा सरस होतोय की नाही, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागेना. दुधराम धानाच्या बांधीकडे गेला की ती लिंपणाचा कोपरा उकरायची, मूठभर तनस काढून हुंगायची, पुन्हा माती थापायची. वास बरा आला की खुशीने आणि नाही आला की धास्तीने, दोन दिवसांनी पुन्हा उकरायची.

उन्हाळा लागला तशी तिने शेजारणींना बोलावलं, सासूला तर आग्रहाने, आणि सगळ्यांदेखत खड्डा उघडला. आत काळी बुरशी. बायकांनी नाकाला पदर लावले. गाईने तोंड फिरवलं.

"आत हवा गेली वाटते बाई," अनुसया हळहळली. "मंधात उघडला होता का?"

"मी कायले उघडू?" देवकाबाई फिस्कारली.

त्याच संध्याकाळी अनुसया आपल्या खड्ड्यातली टोपली भरून घेऊन आली. मग रोजच आणू लागली. ती टोपली तिच्या अंगावर भिरकावावी असं देवकाबाईला वाटे. पण गाय हंबरे, आणि ही मुकाट्याने गव्हाणीत ओती. जाऊ दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान मोकळेपणी भांडता आलं असतं.

गाईचं दूध टिकलं. देवकाबाईने सासूला हाताला धरून आणलं, ओट्यावर बसवलं, घट्ट दुधाचा चहा पुढे केला. जमुनाबाईने बशीतून घोट घेतला. चेहरा खुलला.

"आता इथंच राहा न, आत्याबाई."

"राहतो न," म्हातारी म्हणाली. "बेस झाला चहा." तिने आणखी एक घोट चवीने घेतला. "अनुसयेच्या घरचं दूध हाय ना हे? चव लगेच वळखू आली मले."