सात प्रकारचं बरोबर

"या बाईंना समोरचे दोन दात जरा पिवळट हवेत," डॉक्टर साचा टेबलावर ठेवत म्हणाले. "फार पांढरे नकोत म्हणतात. खोटे वाटतात."

"खोटेच आहेत की."

"ते तुम्हाला नि मला ठाऊक. चारचौघांना कशाला कळायला हवं?" जाता जाता दारातच वळून त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "आज कुठला देश, परराष्ट्रमंत्री?"

"लिश्टनस्टाइन. एकदा ऑलिंपिकमध्ये त्यांच्या लक्षात आलं की आपला आणि हैतीचा झेंडा एकच आहे. मग..."

"वा, वा," डॉक्टर म्हणाले आणि दार मिटलं.

तिला त्याचं काही वाटलं नाही. सव्वीस वर्षं ती दवाखान्याच्या या मागच्या खोलीत कवळ्या करत होती. खोलीला खिडकी नव्हती. मेण, साचे, पॉलिशचं चाक आणि कोपऱ्यात एक रेडिओ. ज्यांच्या तोंडात तिचे दात हसायचे, त्यांतलं एकही माणूस तिने पाहिलेलं नव्हतं. हाताला काम असलं तरी डोकं रिकामंच. मग त्या डोक्यात एकेक देश येऊन बसायला लागला. मोठे नाहीत, नकाशावर ज्यांचं नाव समुद्रात लिहावं लागतं असले. तिथलं सरकार कसं पडलं, लोक गायकाला का निवडून देतात आणि पुढच्या खेपेला का पाडतात, एवढुशा बेटाच्या पोस्टाला दुसऱ्याच देशातल्या नटीचं तिकीट काढावंसं का वाटतं, हे सगळं. नऊ वर्षांपूर्वी भाच्याने तिला इंटरनेटवर एक पान काढून दिलं. तेव्हापासून ती रोज तिथे काहीतरी लिहायची. वाचणारे फारसे नव्हते.

एक मात्र होता. तिचा दादा.

दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. छापखान्यात मुद्रितशोधक होता. दुसऱ्याची चूक काढणं हा त्याचा धंदाच. वहिनी गेल्यावर तो लहानग्या मुलाला, तिच्या भाच्याला, घेऊन तिच्या दोन खोल्यांत आला आणि तिथलाच झाला. भाचा शिकला, नोकरीला लागला, दुसऱ्या शहरात संसार थाटला. मागे उरली दोघं भावंडं आणि रोजचं भांडण. ती लिहिलेलं वाचून दाखवायची आणि तो पहिल्या वाक्यालाच हात वर करायचा. "थांब. हे चूक आहे." "कसलं चूक?" "तुझा तो अर्ध्या गल्लीएवढा देश! त्याला कसली आलीय विरोधी पक्षाची भूमिका? गल्लीत दोन शेजारणी भांडल्या की झाला विरोधी पक्ष!" मग जेवण गार होईपर्यंत वाद. चाळीस वर्षांत तो तिला एकदाही 'तुझं बरोबर आहे' असं म्हणाला नव्हता.

चौदा महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. एकच मागे राहिला.

"बरोबर."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द उरतो. ती तिथल्या जिन्यात बसून आधी हसली आणि मग तिला रडू आवरेना. देवाने शब्द ठेवला तोही नेमका हाच!

पण महिन्या-दोन महिन्यांत तिचा कान तयार झाला. एक 'बरोबर' होकाराचं होतं, खालच्या पट्टीतलं, शेपूट नसलेलं. एक भुकेचं. एक दुखतंय म्हणून सांगणारं. एक कंटाळ्याचं, एक 'टीव्ही बंद कर'चं, एक जुन्या आठवणीचं, लांबवलेलं. आणि एक खास तिच्यासाठी: चढ्या आवाजातलं, शेवटी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारलेलं. त्याचा अर्थ 'साफ चूक'. ते ऐकायला मिळावं म्हणून ती मुद्दाम चुका पेरायची. परवाच तिने वाचलं होतं, "नाउरूच्या राजधानीत..."

"बरोबर!" थाप.

"का? काय झालं? अच्छा, नाउरूला अधिकृत राजधानीच नाही, होय?"

"बरोबर," खालच्या पट्टीत. आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात हसू.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत टेबलावरचा फोन वाजला. भाचा होता. "आत्या, चारपर्यंत पोचतो. बाबांच्या औषधांचे कागद काढून ठेवशील? आणि हे बघ, अजून काही पक्कं नाही हं. आधी बोलू आपण."

"बोलू ना," ती म्हणाली. पिवळट दातांची जोडी तिने शांतपणे पुरी केली आणि अर्ध्या दिवसाची रजा सांगून घरी गेली.

भाचा, सूनबाई आणि पाच वर्षांची चिमणी चारला आले. चिमणी थेट आजोबांच्या मांडीवर चढली आणि शाळेतल्या कुठल्याशा मुलीने कसं चावलं ते सांगू लागली. दादा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आत्या, तू चौदा महिने केलंस ना, ते मी जन्मात विसरणार नाही," भाचा चहाचा कप नुसताच फिरवत म्हणाला. "पण हा तिसरा मजला. चौदा महिन्यांत बाबा किती वेळा खाली उतरले?"

"तीनदा. तिन्ही वेळा दवाखान्यात."

"आमचं तळमजल्यावर आहे. समोर मोकळी जागा आहे. व्यायाम करून घ्यायला बाई रोज येईल. तू कामावर गेलीस की इथे ते दिवसभर एकटेच."

"दुपारी शेजारीण डोकावते."

"आत्या..."

"कळतंय रे मला."

सूनबाई म्हणाली, "तुम्हीही या ना अधूनमधून. चार दिवस राहायला." ती मनापासून बोलत होती. तरी त्यातलं 'अधूनमधून' तेवढं आत्याने नीट ऐकलं.

भाचा बापासमोर उकिडवा बसला. "बाबा, आमच्याकडे येता का? तिथेच राहायला?"

"बरोबर," दादा म्हणाला.

भाच्याने मान खाली घातली. "हेच तर कळत नाही ना. जेवायला विचारलं तरी बरोबर, इंजेक्शन घ्यायचं का विचारलं तरी बरोबर. मनाविरुद्ध नेलं आणि तिथे ते झुरायला लागले तर?" त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुला कळतं त्यांचं. तू सांग. ते हो म्हणतायत की नाही? नाही म्हणत असतील तर हा विषय इथेच संपला. शप्पथ."

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. दादा सोडून. तो चिमणीच्या बुटाच्या नाडीकडे बघत होता.

तिने ऐकलं होतं. खालच्या पट्टीतलं होतं, शेपूट नव्हतं. पण कान फसतोही कधी. फसू दे, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला लगेच लाज वाटली. फक्त नकारार्थी मान हलवायची होती. एवढंच. कुणालाही, कधीही कळलं नसतं.

ती उठून त्याच्या खुर्चीपाशी गेली. "दादा, माझ्याकडे बघ. इथे राहायचंय तुला? माझ्यापाशी?"

दादाने वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "बरोबर!" तो चढ्या आवाजात म्हणाला आणि डावा हात उचलला. पण थाप मारलीच नाही. तो हात त्याने तिच्या मनगटावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"यायचंय त्याला," ती भाच्याला म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. चौदा महिने याच भाषेत बोलतोय माझ्याशी. न्या त्याला."

बॅग तिनेच भरली. औषधांचा डबा, भिंग, दोन स्वेटर. मग वहीचं एक पान फाडून तिने सूनबाईसाठी सातही 'बरोबर' ओळीने लिहून काढली: आवाज कसा, हात कुठे, अर्थ काय. सातव्यापाशी पेन अडलं. त्यापुढे तिने लिहिलं, 'चुकीचं बोललं की. मुद्दाम चुकावं अधूनमधून. आवडतं त्याला.' सूनबाईने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवला.

भाचा आणि गाडीचा ड्रायव्हर अशा दोघांनी दादाला खुर्चीसकट खाली नेलं. प्रत्येक वळणावर चिमणी ओरडत होती, "हळू! माझे आजोबा आहेत!" गाडी वळेपर्यंत आत्या फाटकाशी उभी राहिली. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "थोडे दिवसच ना?"

"हो, हवापालट," ती म्हणाली आणि तीन मजले चढून वर आली.

रविवारी तिने किरिबाटीवर लिहिलं आणि संध्याकाळी पाचला ठरल्याप्रमाणे व्हिडिओ कॉल लावला. सूनबाईने फोन दादाच्या हातात दिला. त्याची दाढी कुणीतरी छान केली होती. मागे मोठी खिडकी होती आणि खिडकीत उजेड.

"वाचू?"

"बरोबर."

ती वाचू लागली. "या देशाची बेटं इतकी दूरवर पसरलेली आहेत, की तारखेची रेषा त्यांच्या मधूनच जायची. एकाच देशात दोन वार. इकडे सोमवार, तेव्हा तिकडे अजून रविवार. इकडच्या कचेऱ्या उघडायच्या तेव्हा तिकडच्या बंद, आणि तिकडच्या उघड्या असायच्या तेव्हा इकडे सुट्टी. दोघांनाही एकमेकांशी बोलायला आठवड्यात चारच दिवस मिळायचे..."

"आजोबा, चला ना, बॉल!" चिमणीचा आवाज आला. फोनवरचं चित्र हललं, दादाचा खांदा दिसला, मग काहीतरी पांढरं. फोन खुर्चीवर उताणा पडला असावा. छत दिसत होतं आणि त्यावर फिरणारा पंखा. लांबून चिमणीचं खिदळणं ऐकू आलं आणि मग दादाचं. तो हसत होता. असा मोठ्याने हसलेला तिने चौदा महिन्यांत ऐकला नव्हता.

तिने फोन ठेवला नाही. चष्मा नीट केला आणि पुढची ओळ वाचली. किरिबाटीने ती रेषा कशी सरकवली, का सरकवली, कुठल्या बेटांना त्या वर्षी एक अख्खा दिवस मिळालाच नाही, सगळं तिने पंख्याला वाचून दाखवलं, स्पष्ट आवाजात, स्वल्पविरामांवर थांबत, शेवटच्या ओळीपर्यंत.