रक्त कुठवर पोचतं

रविवारी सौनाच्या वाफेतून बाहेर येताना बाबा कोसळले. मेंदूत रक्तस्राव. मेंदू जिवंत आहे का ते बघायला मंगळवारी सकाळपर्यंत डॉक्टरांनी डोळ्यांवर उजेड टाकून पाहिला, घशात नळी हलवून पाहिली, कानात बर्फाचं पाणी सोडलं. बाबांनी कशालाच उत्तर दिलं नाही. उरली होती ती श्वासाची परीक्षा. थोडा वेळ श्वासाचं यंत्र काढायचं आणि छाती आपणहून हलते का, ते बघायचं.

"श्वासाची परीक्षा?" माझा भाऊ रेइनो म्हणाला. "डॉक्टर, निकेलच्या खाणीत आयुष्य काढलंय या माणसाने. तुमच्या परीक्षेत तो दहा वर्षांपूर्वीच नापास झाला असता!"

"रेइनो," आई म्हणाली.

"मग काय! जिना चढला की अर्धा तास भिंतीला टेकून उभा राहायचा. वर मलाच म्हणायचा, काय रे, दमलास?"

डॉ. लामूरो हसल्या नाहीत. "खरं आहे तुमचं. फुप्फुसं इतकी खराब असताना त्या परीक्षेवर विसंबता येत नाही. म्हणून आपण मेंदूचं चित्र काढू. शिरेतून एक औषध सोडतात. रक्त जिथे जाईल तिथे ते जातं आणि कॅमेऱ्याला उजळ दिसतं. मेंदूत रक्त जातच नसेल, तर ते गेलेले आहेत."

"आणि जात असेल तर?" आईने विचारलं.

"तर तुमचे तौनो जिवंत आहेत. उपचार चालू ठेवायचे."

रेइनोने माझ्याकडे पाहिलं, वाद जिंकल्यासारखं. सकाळी बाबांचा अंगठा हलला होता. ते मेंदूचं काम नाही, मणक्याचं, असं मी सांगूनही त्याला पटलं नव्हतं. आई तर बाबांच्या गालावरचा हात काढत नव्हती. "गरम आहे गं," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. या विषयावर मला समजेल तेवढं सगळं मी वाचून काढलं होतं. तरी मीही तो गाल चाचपून पाहिला.

खालच्या मजल्यावर काचेमागे आम्हाला बसू दिलं. औषध सोडलं. पडद्यावर आधी मान उजळली, दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या वर चढत गेल्या. रेइनो खुर्चीतून उठला.

"चाललंय! बघ, वर चाललंय!"

कवटीच्या तळाशी येऊन ते थांबलं. मग गाल उजळले, कवटीची कडा उजळली, आणि मधोमध नाक इतकं लखलखलं की ते कुणाचं आहे हे विचारायला नको.

"हे नाक आमच्या तौनोचंच," आई म्हणाली.

"रक्ताला आत वाट मिळाली नाही, की ते चेहऱ्याकडे वळतं," डॉ. लामूरो हळू आवाजात म्हणाल्या.

"म्हणून गाल गरम?" आईने विचारलं.

"हो."

आत काहीच नव्हतं. फक्त काळं.

"उशिरा पोचत असेल," रेइनो म्हणाला. "त्याला सगळ्यालाच वेळ लागतो."

"थांबू या. थोड्या वेळाने पुन्हा चित्र घ्यावंच लागतं," डॉ. लामूरो म्हणाल्या.

आम्ही थांबलो. दुसऱ्या चित्रातही मधला भाग तसाच होता. रेइनो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. आईने मागून त्याचा सदरा धरला.

"पुरे, बाळा. किती वेळ ताटकळत ठेवशील बाबांना?"

डॉ. लामूरोंनी घड्याळ पाहिलं. मृत्यूची वेळ हीच, त्या म्हणाल्या. यंत्र वर, खोलीत गेल्यावर काढू, तुमची तयारी झाली की.

बाबांना पुन्हा वर न्यायचं होतं. मी पलंगाच्या एका बाजूला, रेइनो दुसऱ्या. यंत्राबरोबर छाती वरखाली होत होती. लिफ्टमध्ये फुलं घेतलेला एक म्हातारा होता. तो अंग चोरून भिंतीला टेकला आणि बाबांचा चेहरा न्याहाळून आईला म्हणाला, "रंग चांगला आहे हो. होतील लवकर बरे."

रेइनोने मान फिरवली.

"थँक यू," आई म्हणाली आणि बाबांच्या छातीवरचं पांघरूण सारखं केलं.