काकांचं अर्धं डोकं

सभागृहात बसायला जागा उरली नव्हती. उशिरा आलेले लोक भिंतीला टेकून उभे होते. समोर मोठा पडदा, पडद्यावर माझ्या वारलेल्या काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, उभा फोटो आणि शेजारी पांढऱ्या शालीतले छायागुरू. गेलेल्या माणसाच्या फोटोला प्रश्न विचारायचा; फोटो उजवीकडे झुकला तर होकार, डावीकडे झुकला तर नकार. मात्र फोटो आणि लिहिलेला प्रश्न चार दिवस आधी द्यावा लागे. "आत्म्याला तयारीला वेळ लागतो," गुरू सांगत. आमच्या धंद्यातही साधारण तेवढाच लागतो.

माझा धंदा चित्रं हलवण्याचा. जाहिरातींच्या एका स्टुडिओत मी दिवसभर स्थिर फोटोंना कॉम्प्युटरवर चालवते, वाकवते, उडवते.

मावशी पहिल्या रांगेत होती. तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती आणि महिन्याभरात ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने हात जोडून काकांना विचारलं, "करून घेऊ का हो ऑपरेशन?"

काका कमरेतून हळूहळू डावीकडे वाकले. मावशीच्या डोळ्यांना धार लागली. मी मात्र काकांच्या डोक्याकडे बघत होते. वाकता वाकता ते अर्धं नाहीसं झालं होतं. टाळूपासून हनुवटीपर्यंत सरळ रेषेत, सुरीने पाव कापावा तसं.

गुरूंच्याही ते लक्षात आलं असावं. "पाहिलंत? अर्धं मस्तक परलोकात गेलं. निरोप तिथूनच आणावा लागतो ना."

लोकांनी माना डोलावल्या. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हीच चूक मी केली होती, तेव्हा आमच्या साहेबांनी परलोक काढला नव्हता. माझी अक्कल काढली होती.

घरी येताच मावशीने ऑपरेशनची तारीख रद्द करायला फोन उचलला.

"दोन दिवस थांब," मी म्हणाले.

"ते नको म्हणाल्यावर कशाला थांबू? मी त्यांचा शब्द कधी मोडला नाही."

"मोडलास की. काका नको म्हणत होते तरी शिवणाचा क्लास काढलास."

"ते वेगळं," मावशी म्हणाली, पण फोन खाली ठेवला.

मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि तिला कुठलाही एक फोटो काढायला सांगितलं. वैतागून तिने स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा काढला. "घे. विचार ह्याला."

स्टूल नम्रपणे डावीकडे वाकलं आणि त्याची अर्धी बैठक सरळ रेषेत गायब झाली.

"हेही परलोकात जाऊन आलं," मी म्हणाले.

मावशी हसली नाही. चष्मा लावून ती खुर्ची जवळ ओढून बसली. "उरलेलं अर्धं जातं कुठे?"

"कुठेच नाही. फोटोला त्याच्याच मापाचा चौकोन असतो. वाकवलं की वरचा भाग चौकोनाबाहेर जातो आणि बाहेरचं कॉम्प्युटर दाखवतच नाही."

"म्हणजे कापड अंगाबरोबर बेतलं, शिवणीला जास्तीची माया सोडलीच नाही."

इतक्या कमी शब्दांत आमच्या साहेबांनाही ते सांगता आलं नव्हतं. मी स्टुलाचा फोटो एका मोठ्या, रिकाम्या चौकटीच्या मधोमध ठेवला, दोन्ही मिळून एकच चित्र केलं आणि मग ते वाकवलं. ह्या वेळी स्टूल अख्खं वाकलं.

मावशी आत जाऊन काकांचा तोच फोटो घेऊन आली. "आता ह्यांना."

काका उजवीकडे वाकले, डावीकडे वाकले. होकार दिला, नकार दिला. डोकं शाबूत. मावशीने तीनदा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हा माणूस जन्मात कुणापुढे वाकला नाही. आणि मी तिथे रडत बसले."

पुढच्या सभेत ती काकांचा फोटो हातात धरून स्वतःच उभी राहिली. "ह्यांना पूर्ण डोक्यानिशी वाकवून दाखवा."

"ते आपल्या हातात नसतं, ताई," गुरू म्हणाले.

"माझ्या भाचीच्या हातात आहे."

पडदा चालवणारा माणूस माझ्याच धंद्यातला. नजर न मिळवता तो बाजूला झाला. मी पडद्याची वायर माझ्या लॅपटॉपला जोडली आणि दारावरच्या फलकावरून टिपलेला छायागुरूंचाच फोटो वाकवला. आधी अर्ध्या डोक्याने, मग अख्ख्या. शेवटच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि हसू पुढे सरकत आलं. "ही यंत्राची नक्कल आहे," गुरू म्हणाले. तेव्हा एका गृहस्थांनी खिशातून फोटो काढला. "मग ह्याला आत्ता, इथेच प्रश्न विचारा." गुरूंना कंपनं बिघडल्याचं जाणवलं आणि ते मागच्या दाराने गाडीकडे गेले.

बाहेर एका बाईने माझा हात धरला. "माझा मुलगा मला होकार द्यायचा गं. तू कशाला आलीस?" मावशी तिच्याशेजारी पायरीवर बसली आणि तिला मुलाबद्दल विचारत राहिली. खूप वेळ.

मावशीचं ऑपरेशन झालं. आता ती दोन जिने न थांबता चढते.

गेलेल्यांची आठवण जरूर काढा, मनातल्या मनात त्यांच्याशी बोलाही. पण ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर त्याला एवढंच सांगा: पुन्हा करा, माझ्यासमोर करा, आणि फोटो मी आत्ता देते. हे मागण्यात कुणाचा अपमान नाही. खरं असेल ते पुन्हा करून दाखवता येतंच.