धूर कुठून जातो?

मानवजातीच्या इतिहासात खरी प्रगती एकदाच झाली : माणसाने विस्तव घरात आणला आणि त्याच्या डोक्यावर धुराडे बांधले, त्या दिवशी. पुढची सगळी नुसती हातचलाखी. धाकट्याने हे मत अतिशय ठामपणे मांडले. फक्त ते कोणाला नीट ऐकू आले नाही, कारण त्या वेळी तो थोरल्या भावाच्या बैठकीच्या खोलीत पालथा पडून, गाल फरशीला टेकवून, नव्या विजेच्या शेकोटीखाली डोकावत होता.

धुराडी साफ करण्यात धाकट्याची उभी हयात गेली होती. कोणाकडेही शेकोटी दिसली की तो आधी आडवा होई, ख्यालीखुशाली नंतर.

"अरे, शोधतोयस काय?" थोरल्याने विचारले.

"धूर कुठून जातो?"

"धूर होतच नाही."

"मग शेकोटी कसली? शेकोटीचं सोंग आहे हे!"

थोरला निवृत्त कारकून. समजावून सांगायला बायको सोडून दुसरे कोणी मिळाले की त्याची कळी खुले. "लाकडं आणायला नकोत, राख उपसायला नको. बटण दाबलं की ऊब. खोली गरम झाली की आपली आपण थांबते. काचेला हात लाव, भाजत नाही. आणि उन्हाळ्यात ऊब बंद करून नुसत्या ज्वाळा लावता येतात."

"नुसत्या ज्वाळा कशाला?"

"बघायला."

"बघायला तुझ्याकडे आरसा आहे की, दादा."

धाकट्याचे खरे दुखणे वेगळेच होते. थोरल्याचे घर आधी झाले, मग मऊ कोच आले. ते त्याने मुकाट्याने गिळले. पण थंडी पडल्यापासून त्याची स्वतःची बायको संध्याकाळ झाली की विणकाम काखोटीला मारून "जरा जाऊबाईंकडे जाऊन येते" म्हणायची, आणि ते 'जरा' जेवणवेळेपर्यंत चालायचे. घरी धाकटा एकटाच शेकोटीसमोर. ती त्याने स्वतःच्या हातांनी बांधली होती, लग्नानंतर, खास तिच्यासाठी. एखाद्या देखण्या पुरुषावर जळण्यात निदान इभ्रत तरी असते. इथे गाठ पडली होती बटणवाल्या खोक्याशी! म्हणून आज तो बायकोबरोबर आला होता, खोक्याचे बिंग फोडायला.

"खरा विस्तव बोलतो," गुडघे झटकत तो म्हणाला. "तडतडतो. हिला आहे का आवाज?"

वहिनीने एक बटण दाबले. खोका तडतडू लागला.

"आहे की, भाऊजी. लहान-मोठाही होतो."

एवढ्यात धाकट्याचे लक्ष काचेमागच्या ओंडक्याकडे गेले. ओंडका तिरपा पडला होता. तिरपा ओंडका हा माणूस जन्मात बघू शकत नसे. त्याने बायकोच्या मांडीवरची मोकळी सुई उचलली आणि ओंडका सारखा करायला सरसावला.

टक्! सुई काचेवर आपटली.

"अहो भाऊजी, प्लास्टिकचा आहे तो," वहिनी म्हणाली. "येतानाच वाकडा आलाय!"

सगळे हसले. बायको सर्वांत जास्त हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, दम घेतला आणि पुन्हा हसली.

धाकटा सुई हातात धरून तसाच ओणवा राहिला. काहीतरी राहून गेल्यासारखे त्याला वाटले. बायकोचे हसणे म्हणजे थोडे हसू, मग ठसका, मग तोंडाला हात. इतकी वर्षे तो हेच ऐकत आला होता. काही लोक हसताना मान हलवतात, तशी ही हसताना खोकते, अशी त्याची समजूत होती.

"खोकला कुठे गेला तुझा?" त्याने चोरी पकडल्यासारखे विचारले.

"इथे येत नाही." बायको खाली बघून टाके मोजू लागली.

"आणि घरी?"

"अहो, जाऊ द्या ना."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलणार? कोणी आलं की त्या शेकोटीसमोर उभं करून दाखवत असता. तुमचं तोंड बघवलं असतं का मला?"

धाकटा उभा राहिला. त्याने छाती भरून श्वास घेतला. आता भांडण होणार म्हणून थोरल्याने चष्मा काढून ठेवला. वहिनीने घाईघाईने तडतड बंद केली.

बायकोचा हात विणता विणता थांबला. तिच्या शेजारच्या कोचावर थोरला ऐसपैस पसरला होता.

"दादा," धाकटा म्हणाला, "जरा सरकतोस?"